धुक्यातली उपवर मुलगी

भुताच्या गोष्टीला मराठी दिवाळी अंकांत नेहमीच मानाचे पान मिळत आले आहे. अनंत अंतरकरांच्या 'नवल'ने तर या वाङ्मयाला स्वतंत्र बिऱ्हाडच थाटून दिले. नारायण धारप आणि रत्नाकर मतकरी यांच्या कथा फराळाच्या ताटाशी बसून वाचलेल्या दोन-तीन पिढ्या आजही आपल्यात आहेत. हातातली चकली तशीच राहिली आणि पान उलटायचा धीर होईना, असा प्रसंग ज्याच्यावर कधी आला नाही त्याची दिवाळी जरा अळणीच गेली म्हणायची! मात्र त्याच भयाचा जो नवा प्रकार आज घरोघरी, बहुधा आतल्या खोलीत, दार लोटून आणि कानांवर हेडफोन चढवून अनुभवला जातो, त्याच्याकडे आमच्या टीकाकारांचे अद्याप फारसे लक्ष गेलेले नाही. मी म्हणतो तो प्रकार व्हिडिओ गेमचा. २०१७ साली ज्या डोंबिवलीत ९०वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले, त्या डोंबिवलीत एखाद्या कादंबरीकाराने, आणि त्यातून शाळामास्तराने, 'मी गेले तीन आठवडे रात्री व्हिडिओ गेम खेळत होतो' असे सांगितले, तर ऐकणाऱ्याच्या मनात पहिली काळजी त्याच्या प्रकृतीची उत्पन्न होते. तरीही मी ते सांगतो. त्या खेळात वाङ्मय म्हणून विचारात घेण्याजोगे बरेच आहे, आणि वाङ्मय म्हणूनच दाखवून देण्याजोगे दोषही आहेत, असे माझे म्हणणे आहे.

खेळाचे नाव 'सायलेंट हिल एफ'. जपानच्या कोनामी कंपनीने तो २५ सप्टेंबर २०२५ रोजी प्रसिद्ध केला. बांधला तो तैवानच्या निओबार्ड्स या मंडळींनी. कथा लिहिणाऱ्याने 'र्‍युकिशी झीरो सेव्हन' असे टोपणनाव घेतलेले आहे. (टोपणनावात आकडा घालण्याची कल्पना आमच्या कवींना अजून सुचलेली नाही, हे आपले भाग्य.) आडगावातली गूढे रचण्यात या लेखकाचा हात पूर्वीपासून बसलेला आहे. खेळ वयस्कांसाठी आहे हे आरंभीच सांगून टाकतो. या मालिकेत प्रथमच जपानच्या परीक्षण मंडळाने त्याच्यावर 'फक्त १८ वर्षांवरील' असा शिक्का मारला, आणि तो योग्यच आहे. घरातल्या शाळकरी मुलाने हट्ट धरला तर वडील मंडळींनी माझ्या या लेखाचा दाखला देऊ नये.

'मालिकेत' म्हटले, त्याचा खुलासा केला पाहिजे. 'सायलेंट हिल' नावाचा पहिला खेळ १९९९ साली आला. अमेरिकेतले एक काल्पनिक गाव, त्यावर दाटलेले धुके, आणि हरवलेल्या मुलीला शोधत फिरणारा बाप, अशी त्याची मांडणी होती. त्या काळच्या यंत्राला दूरवरची घरे-रस्ते झपाट्याने रेखाटण्याचे बळ नव्हते. तेव्हा चार पावलांपलीकडचे सारे धुक्यात झाकून टाकण्याची तोड काढण्यात आली, आणि तीच पुढे मालिकेची ओळख ठरली. नाटकवाल्यांना यात नवल वाटणार नाही. पडदा कमी पडला म्हणून अंधार केला आणि अंधारालाच टाळी मिळाली, असे आपल्याकडेही घडते. २००१ सालचा दुसरा भाग सर्वांत गाजला. मेलेल्या बायकोचे पत्र आले म्हणून नवरा त्या गावात जातो, आणि गाव त्याच्या मनातले पाप त्याच्यापुढे चालते-बोलते करते. पोलंडच्या ब्लूबर टीमने २०२४ साली तो नव्याने उभारला. या भागांचा एकमेकांशी कथेचा धागा असेलच असे नाही. माणसे निराळी, काळ निराळा. धुके तेवढे तेच, आणि त्या धुक्यात माणसाला त्याचे स्वतःचे काही तरी भेटते हा संकेतही तोच. कीर्तनात आख्यान बदलते, पूर्वरंगाची रीत बदलत नाही, तसे काहीसे.

नव्या भागाने मात्र एक मोठे पाऊल टाकले. तो अमेरिका सोडून जपानात आला, आणि तोही १९६०च्या दशकातल्या एका डोंगरी गावात. गावाचे नाव इबिसुगाओका. ते काल्पनिक आहे, पण त्याचा नमुना म्हणून गिफू प्रांतातल्या गेरो शहराचा कानायामा हा भाग घेतला गेला. अरुंद बोळ, पायऱ्यापायऱ्यांच्या गल्ल्या, वाहती गटारे, गंजलेले पत्रे, लाकडी घरांच्या भिंतीला भिंत. कोकणातल्या पाखाड्यांवरून संध्याकाळी एकट्याने उतरलेल्या माणसाला हे गाव परके वाटणार नाही. त्या गावात हिनाको नावाची शाळकरी मुलगी राहते. बाप दारुड्या आणि तापट, आई खाली मान घालून सोसणारी, मोठी बहीण लग्न होऊन गेलेली. बापाशी भांडण होते, मुलगी तडक घराबाहेर पडते, मैत्रिणींना भेटायला खाली गावात येते, आणि मागून धुके येते. धुक्याबरोबर येतात ती लाल फुले. जपानात ही फुले शरद ऋतूत, म्हणजे आपल्या पितृपक्षाच्या सुमारास, थडग्यांपाशी आणि शेताच्या बांधांवर उगवतात. पितरांच्या स्मरणाशी त्यांचे नाते आहे, आणि त्यांचा कंद विषारी असतो. खेळात ती माणसांच्या अंगातून फुटतात. पुढचे वर्णन दिवाळीच्या अंकात करणे बरे नव्हे. पण एवढे सांगतो की या खेळाच्या चित्रकारांनी किळस आणि सौंदर्य एकाच फांदीवर उमलवले आहे, आणि आपण डोळे मिटून घ्यावे की पाहत राहावे हे आपल्याला ठरवता येत नाही.

आता या प्रकारच्या खेळाचे शास्त्र थोडक्यात सांगितले पाहिजे, कारण त्यावाचून पुढचा मुद्दा उमगणार नाही. इंग्रजीत याला 'सर्व्हायव्हल हॉरर' म्हणतात. ही संज्ञा १९९६ सालच्या 'रेसिडेंट ईव्हिल' या कॅपकॉम कंपनीच्या खेळाने रूढ केली. तगून राहणे हे त्यातले मर्म. साध्या मारामारीच्या खेळात आपण शूर असतो, इथे दुबळे. गोळ्या थोड्या, औषध थोडे, पिशवी लहान. त्या पहिल्या खेळात तर आपली प्रगती नोंदवून ठेवण्यासाठीही टंकलेखन यंत्र आणि त्याची शाईची फीत लागे, आणि फिती मोजक्याच मिळत. लेखकाची व्यथा इतकी अचूक मांडलेले दुसरे कलामाध्यम माझ्या पाहण्यात नाही! भीती निर्माण होते ती राक्षसाच्या दातांनी जेवढी, तेवढीच हिशेबाने: 'हे आत्ता वापरू की पुढे लागेल म्हणून ठेवू?' महिनाअखेरीला वाण्याचे बिल आणि मुलाची फी यांच्यामध्ये उभ्या राहिलेल्या माणसाला ही भीती शिकवावी लागत नाही.

'सायलेंट हिल एफ'मध्ये हा हिशेब फार सुंदर केला आहे. बंदूक नाहीच. हातात लोखंडी नळी, कोयता, स्वयंपाकघरातली सुरी, असली हत्यारे. आणि तीही वापरता वापरता मोडतात. गावात जागोजागी लहान देवळ्या आहेत, आपल्या वाटेवरच्या म्हसोबासारख्या. तिथे थांबले की खेळ नोंदवला जातो, आणि तिथेच नैवेद्यही दाखवता येतो. आता गंमत अशी की नैवेद्य दाखवायचा तो आपल्याच शिदोरीतला. तळलेल्या पिशवीत भात भरलेली इनारीझुशी आहे, मिठाई आहे. ती खाल्ली तर अंगात शक्ती येते, आणि देवापुढे ठेवली तर पुण्य साठते. त्या पुण्याच्या बदल्यात मागणे मागता येते, त्याने मुलीचे बळ कायमचे वाढते. म्हणजे पोटात घालायचे की देवापुढे ठेवायचे? बाहेर धुक्यात काही तरी खुरडत येत आहे, अंगातून रक्त वाहत आहे, आणि आपण देवळीपाशी उकिडवे बसून हा विचार करतो आहोत. माझा पुतण्या याला 'अपग्रेड सिस्टिम' म्हणतो. माझ्या आजीने याला निराळे नाव दिले असते. पण त्या क्षणी मनात जी चलबिचल होते ती उपासाच्या दिवशी लहान मुलाच्या मनात होते तीच, आणि ती उत्पन्न करायला खेळकर्त्याने एकही वाक्य लिहिलेले नाही. कादंबरीकाराला इथे हेवा वाटावा.

दुसरे असेच स्थळ म्हणजे बुजगावण्यांचे शेत. धुके भरलेले, शाळेच्या गणवेशातली बुजगावणी उभी, आणि चिठ्ठीतल्या सूचनांवरून त्यांपैकी योग्य तेच निवडायचे. चुकले तर ते बुजगावणे हलते. मी शिक्षक आहे. गणवेशातल्या निश्चल रांगा मी रोज सकाळी प्रार्थनेला पाहतो. त्या शेतातून बाहेर पडेपर्यंत माझ्या तळहातांना घाम सुटला होता.

आता दोषाकडे वळतो. खेळात मारामारी फार आहे. शत्रूचा वार नेमक्या क्षणी चुकवायचा, तो सावरण्याआधी उलट वार करायचा, दम राखून ठेवायचा, असे ते द्वंद्वाचे तंत्र आहे. गावातला उत्तरार्ध तर या द्वंद्वांनी गजबजून गेला आहे. तिसऱ्यांदा तोच प्राणी त्याच बोळात आडवा आला की भीती संपते आणि कंटाळा सुरू होतो. भयकथेत राक्षसाला वारंवार उजेडात आणू नये हा नियम धारपांना पक्का ठाऊक होता. त्यांच्या कथेत दार उघडण्यापूर्वीची दोन पाने दार उघडल्यानंतरच्या दहा पानांहून भारी असतात. इथे दारे सारखी उघडतात. पुतण्याचे मत उलट आहे. 'काका, तुमचं टायमिंग चुकतंय, म्हणून तुम्हाला कंटाळा येतोय,' असे त्याने मला ऐकवले. त्याच्या टायमिंगविषयी मला आदर आहे. पण शेवटच्या टप्प्यात त्याचीही जीभ चावलेली मी पाहिली, आणि तेव्हा तो घाबरलेला नव्हता, वैतागलेला होता.

परंतु या मारामारीचा एक भाग असा आहे की त्याला दोष म्हणावा की या कृतीचे सर्वांत खोल स्थान म्हणावे, यावर आमच्या घरी आठवडाभर वाद चालला. तो सांगण्यासाठी कथेत थोडे आत शिरणे भाग आहे. ज्यांना स्वतः खेळावयाचे आहे त्यांनी पुढचे तीन-चार परिच्छेद ओलांडून जावे.

हिनाको मधूनमधून शुद्ध हरपते आणि दुसऱ्याच एका ठिकाणी जागी होते. ते एक काळोखे मंदिर आहे. तिथे कोल्ह्याचा मुखवटा घातलेला एक तरुण तिची वाट पाहत असतो. त्याचे बोलणे अत्यंत गोड, चालणे संथ, वागणे आदबीचे. बाहेरच्या गावात जे जे तिला मिळत नाही, म्हणजे विचारपूस, कौतुक, आश्वासन, ते सारे तो देतो. उन्हात पाऊस आला की कोल्ह्याचे लग्न लागते असे आपल्याकडे मुले म्हणतात. जपानातही तसेच म्हणतात. तेव्हा हा तरुण कोण आणि हे मंदिर कशाचे, याचा अंदाज चाणाक्ष वाचकाला आलाच असेल. तिथे तिच्याकडून एकेक विधी करवून घेतले जातात. पहिल्या विधीत ती स्वतःचा हात स्वतः कापून देते. शेवटच्या विधीत चेहरा जातो. मध्ये काय जाते ते मी सांगत नाही. हे सारे होत असताना कोणी तिच्यावर ओरडत नाही. बाप ओरडतो तो बाहेरच्या घरात; आत सगळे हळुवार, रेशमी, मंगल आहे.

आणि हात गेल्यावर काय होते? त्या जागी जनावराचा पंजा येतो, आणि तो पंजा अतिशय उपयोगी पडतो! गावात ज्या मुलीच्या हातातली नळी चार घावांत वाकत होती, तीच मुलगी आता मोठमोठ्या राक्षसांना लीलया फाडते. मंदिरातली तिची हत्यारे मोडतही नाहीत. खेळणाऱ्याला हायसे वाटते. पुतण्या उद्गारला, 'आता खरी मजा!' मलाही बोटांना विश्रांती मिळाली हे खरे. त्या दिवशी आमच्याकडे माझी एक जुनी विद्यार्थिनी आली होती. ती आज मुंबईत नोकरी करते, सकाळची लोकल पकडते, आणि सध्या घरात तिच्यासाठी स्थळे पाहणे चालू आहे. ती इतका वेळ पलंगाच्या कडेवर बसून गप्प पाहत होती. ती म्हणाली, 'सर, असंच सांगतात. एकदा त्या घरात गेलीस की बघ, सगळ्या किल्ल्या तुझ्याच हातात.'

मी कंट्रोलर खाली ठेवला. तिच्या बोलण्यात या खेळाची संपूर्ण समीक्षा होती. मुलगी जितकी स्वतःला देऊन टाकते तितकी ती बलवान होत जाते, आणि ते बळ खेळणाऱ्याला हवेहवेसे वाटते. म्हणजे तिला तिथवर चालवत नेणारे आपणही त्या सौद्यात सामील होतो. हे कथेने सांगितले असते तर आपण मान डोलावली असती. इथे ते आपल्या बोटांच्या सुखातून सांगितले आहे. तेव्हा मंदिरातल्या मारामारीला मी दोष म्हणत नाही. गावातल्या मारामारीला म्हणतो, कारण तिथे असा कोणताही अर्थ तिच्यामागे उभा नाही. तिथे केवळ तास भरून काढले आहेत.

कथेचा गाभा उघड होतो तो पुढे. बापाच्या डोक्यावर कर्ज आहे, एका श्रीमंत घराण्याचे स्थळ आले आहे, पैसा पुढे झालेला आहे. आपण जिला शाळकरी मुलगी म्हणून इतका वेळ धुक्यातून नेली ती खरोखर लग्नाच्या उंबरठ्यावरची तरुण स्त्री आहे, आणि हे सारे भय त्या एका दिवसाभोवती तिच्या मनाने उभे केलेले आहे. मराठी माणसाला हे कथानक कुठे तरी पाहिल्यासारखे वाटेल. गोविंद बल्लाळ देवलांचे 'संगीत शारदा' १८९९ सालचे. तिथेही बापाने पैशावर डोळा ठेवून मुलगी म्हाताऱ्याला द्यायचे ठरवले आहे. शारदेची सुटका होते ती गोत्र एकच निघाल्यामुळे. शास्त्राच्या एका कलमाने तिला वाचवले. हिनाकोला वाचवायला शास्त्री नाही, शंकराचार्य नाही. हातात नळी आहे आणि तीही मोडकी. शिवाय तिचा नवरदेव भुजंगनाथासारखा हास्यास्पद थेरडा नाही, हे लेखकाचे मोठे धाडस. थेरड्याला नाही म्हणणे सोपे. हा देखणा आहे, तिच्यावर त्याचा जीव आहे, आणि त्याच्या घराण्याने पैसे मोजले आहेत, या तिन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत.

काळाची निवडही विचारपूर्वक केलेली दिसते. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या जपानच्या राज्यघटनेने, म्हणजे १९४७ सालापासून, विवाह केवळ वधूवरांच्या संमतीने व्हावा असे ठरवून दिले. पण घटनेतले कलम डोंगरातल्या गावापर्यंत चालत जायला वेळ लागतो. १९६०चे दशक संपता संपता तिथे प्रेमविवाहांची संख्या ठरवून केलेल्या विवाहांहून वर गेली. म्हणजे हिनाको नेमकी त्या चढावावर उभी आहे, जिथे एका हाताला आईचे आयुष्य दिसते आणि दुसऱ्या हाताला काही तरी निराळे शक्य आहे असे ऐकू येते. आपल्याकडे हुंडाबंदीचा कायदा १९६१ सालचा. त्याच दशकात आपल्या घरी कोणाचे लग्न कसे ठरले, हे थोरामोठ्यांना विचारून पाहावे. विचारताना आत्याला आधी विचारावे, मामाला नंतर.

भुतांचा विषय निघालाच आहे तर आपल्या भुतांकडेही एकदा पाहून घेऊ. मुंजा म्हणजे मुंज झालेला पण सोडमुंज होण्यापूर्वी गेलेला मुलगा. त्याची इच्छा राहिली म्हणून तो पिंपळावर बसतो. हडळ, जखीण, अळवंत यांच्या कहाण्या काढाव्यात तर बाळंतपणात गेलेली, सासरी छळलेली, विहिरीत ढकललेली अशी बाई हटकून निघते. जिवंतपणी जिचे म्हणणे घरात कोणी ऐकून घेतले नाही तिला मेल्यावर उलटी पावले देऊन आम्ही गावभर भ्यालो. मतकरींच्या उत्तम भयकथांत हे भान आहे. तिथे भूत बाहेरून येत नाही, घरातल्या माणसांच्या वागण्यातूनच ते तयार होते. जपानी लेखकाने आणखी पुढची पायरी घेतली. त्याची मुलगी मरून भूत होत नाही. ती जिवंत आहे, शाळेचा गणवेश घालून आहे, आणि तिच्या भोवतीची माणसे, मैत्रिणींसकट, तिला भुतासारखी दिसू लागली आहेत. साकुको आणि रिंको या तिच्या मैत्रिणी आहेत, शू हा लहानपणापासूनचा सवंगडी. या शूबरोबर तिने लहानपणी अंतराळातल्या लढाया खेळलेल्या. तो तिला आजही 'जोडीदार' म्हणूनच हाक मारतो, आणि मुलींना तेवढेच खुपते. मुलामुलांत बरोबरीने खेळणारी मुलगी वयात आली की तिच्या खेळाला गाव निराळे नाव देतो. हे चित्रण इतके खरे आहे की राक्षस नसते तरी चालले असते.

हा खेळ मी, एका पुरुषाने, त्या मुलीच्या अंगात शिरून खेळलो, याविषयीही दोन शब्द लिहिले पाहिजेत. आम्ही कादंबरीकार स्त्रियांची दुःखे बाहेर उभे राहून वर्णन करीत आलो आहोत. मराठीत याला पहिला मोठा अपवाद हरिभाऊ आपट्यांचा. 'पण लक्षांत कोण घेतो?' ही कादंबरी त्यांनी 'करमणूक' पत्रातून लिहिली ती यमूच्या तोंडून, 'मी' म्हणून. शंभराहून अधिक वर्षांपूर्वी वाचणाऱ्या पुरुषाला त्या 'मी'ने काही तास तरी यमू व्हावे लागले. माझ्या मते व्हिडिओ गेमची खरी जात हीच आहे. बंदुका आणि मोटारी यांच्या शर्यतीत ती झाकून गेली आहे. वाचक यमूबरोबर रडू शकतो, पण यमूने दार उघडावे की नाही हे त्याच्या हाती नसते. इथे दार आपण उघडतो. बापाच्या घराकडे जाणारी ती चढण आपण चढतो, आणि पाय जड होतात ते आपलेच. ज्यांना या माध्यमात कला दिसत नाही त्यांनी मारामारीचे प्रसंग सोडून द्यावेत आणि हिनाकोच्या घरी परत जाण्याचा प्रसंग तेवढा खेळून पाहावा. रिकाम्या घरात सरकती दारे एकामागून एक ओलांडायची आहेत, इतकेच. अकिरा यामाओकांसारख्या संगीतकाराचे वाद्य अशा वेळी किती कमी बोलते हेही ऐकण्यासारखे आहे.

शेवटी तक्रार खेळाच्या लांबीची. पहिली फेरी दहा-बारा तासांत संपते, पण तिचा शेवट ठरलेला आहे. तुम्ही काहीही करा, तोच येतो. खेळाला पाच शेवट आहेत (त्यांतला एक तर निव्वळ थट्टेचा आहे, उडत्या तबकड्यांचा), आणि उरलेले पाहायचे तर पुन्हा आरंभापासून निघावे लागते. दुसऱ्या फेरीत नवे प्रसंग, नव्या चिठ्ठ्या सापडतात. आईबापांची दुसरी बाजूही थोडी उजेडात येते. पारायण करणाऱ्या समाजाला पुनरावृत्तीचे भय नसावे हे खरे. पण पारायणात प्रत्येक वेळी त्याच राक्षसाला त्याच बोळात नळीने बडवावे लागत नाही. ज्या कथेचे अर्धे मर्म दुसऱ्या फेरीत आहे तिने पहिल्या फेरीतच बहुसंख्य खेळणाऱ्यांना थकवावे हे मला लेखकाच्या आणि कारागिरांच्या भांडणाचे लक्षण वाटते. पुतण्या पहिल्या शेवटानंतर 'संपला' म्हणून मोकळा झाला. हिनाकोचे काय झाले असे विचारले तर तो अजूनही पहिल्या शेवटातलेच उत्तर देतो.

दुसरी फेरी माझ्या विद्यार्थिनीने चालवली आहे. शनिवारी संध्याकाळी ती आमच्याकडे येते आणि दोन तास बसते. या खेळात शू हिनाकोला तांबड्या गोळ्या देतो. डोके दुखू लागले, मन कातावले की घ्यायच्या. त्या घेतल्या की खरोखरच बरे वाटते, आणि पहिल्या फेरीत आम्ही दोघांनी त्या सढळ हाताने घेतल्या होत्या. निराळ्या काही शेवटांपर्यंत पोहोचायचे तर त्यांतली एकही घेता कामा नये. गेल्या शनिवारी हिनाकोचा जीव अगदी कंठाशी आला होता, पिशवीत गोळ्यांखेरीज काही उरले नव्हते, आणि देवळी दोन बोळ पलीकडे होती. पुतण्या मागून ओरडत होता, 'ताई, घे ना एक!' तिने पिशवी मिटली आणि लंगडत्या मुलीला भिंतीच्या कडेकडेने चालवू लागली.